कावीळ उतरली नव्हती

कमल, तू गेल्यावर दारावर बसायला बायका आल्या, त्यांतल्या एकीनं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "अक्का, कमलबाई घेत होती का वं?" तिनं अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला. मी म्हटलं, "व्हय. रोज. म्हशीचं दूध, साखर घालून." तिला ते पटलं नाही. लिव्हरचा रोग झाला म्हणजे माणूस पिणारा असणार, एवढंच आपल्या गावाला ठाऊक. तू असतीस तर तिला सांगितलं असतंस, बाटली कापसाच्या ढिगात आहे, शोध.

तुझा विलास विचारायला आला, "मोठी आई, पेपरात फोटोखाली काय छापायचं?" मी म्हटलं, छाप सगळे छापतात ते. प्रेमळ, मनमिळाऊ, जे काय असतं ते. तू मनमिळाऊ नव्हतीस. माझ्याशी तर नव्हतीसच. पण मला जे सांगायचं ते फोटोखाली मावणारं नाही. म्हणून मी चौथीपर्यंत शिकलेली बाई वही घेऊन बसले आहे आणि सरळ तुलाच सांगते आहे. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर ते मध्येच रडायला लागतात आणि मग सांगणं राहून जातं.

तू या घरात धाकटी सून म्हणून आलीस तेव्हा मला वाटलं होतं, आता कामाला एक हात वाढला. हात वाढला, पण तोंडही वाढलं. वांगी भाजून झाली की मी ती लाकडी बडगीत कुटायची आणि तू यायचीस, म्हणायचीस, "अक्का, एवढं कुटू नको, भरीत आहे, लापशी नाही." आयुष्यभर त्या भरितावरून भांडलो. दोघींचे नवरे गेले, चुली वेगळ्या झाल्या, परत एक झाल्या, भरिताचा निकाल लागला नाही. आता मी मला हवं तसं कुटते. कोणी बोलत नाही. ते काही बरं नाही.

दुखणं तुझ्या उजव्या कुशीत सुरू झालं तेव्हा तू म्हणालीस, कापूस वेचून वेचून कंबर भरली. मग जेवण कमी झालं. मग लुगडं सैल होऊ लागलं आणि तू निऱ्या जास्त घालायला लागलीस, म्हणजे मला कळू नये. मला कळलं. सावद्याला सोनोग्राफी केली, तिथून जळगावला पाठवलं. जळगावच्या डॉक्टरांनी मोठ्या मशीनमध्ये फोटो काढले, रक्त काढलं, आणि लिव्हरमध्ये गाठी आहेत म्हणाले. रक्तात आणखी एक गोष्ट निघाली होती. बी कावीळ, कागदावर हिपॅटायटिस बी.

विलास लगेच म्हणाला, "ते जुनं असेल. आईला कावीळ झाली होती, मी लहान होतो तेव्हा. ती उतरली."

मीही मान हलवली. कारण मी तिथं होते. तुझी लेक सुनंदा तेव्हा पोटात होती तुझ्या. डोळे हळदीसारखे झाले होते. मीच तुला यावलच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावी घेऊन गेले, जिथं म्हातारा माळ घालायचा. बारीक काड्यांची माळ, दोऱ्यात गाठी मारलेली, डोक्यावर जेमतेम टोपीसारखी बसणारी. त्यानं सांगितलं होतं, कावीळ उतरेल तशी माळ वाढेल. आणि ती वाढली. गळ्यात आली, छातीवर आली, कमरेखाली गेली, आणि एके दिवशी पाय काढून घेतलेस तशी जमिनीवर पडली. सासूबाईंनी ती नदीत सोडली. डोळेही तोवर पांढरे झाले होते. आपण गुळाचा शिरा केला होता. एवढं सगळं डोळ्यांनी पाहिल्यावर कावीळ उतरली नाही असं कोण म्हणेल? आपल्या भागात कोणीच म्हणालं नसतं.

डॉक्टर म्हणाले, गाठ नक्की कशाची आहे ते कळायला सुईनं तिचा बारीक तुकडा काढावा लागेल. म्हणाले, लिव्हरमध्ये स्वतःच्या पेशी असतात आणि पित्त वाहून नेणाऱ्या बारीक नळ्याही असतात. कॅन्सर दोन्हींत होतो. कधी एकाच गाठीत दोन्ही सापडतात. नाव एक, पण रोग वेगळे, औषधं वेगळी. एरवी फोटोवरून कळतं, तुमच्या फोटोवरून नीट कळत नाही. म्हणून टिश्यू तपासायला हवा.

तू म्हणालीस, "टिश्यूची तर आमची सगळी बाग आहे." डॉक्टर हसले. जळगावचेच होते, लॅबमध्ये वाढवलेल्या रोपांची टिश्यूची केळी त्यांना सांगावी लागली नाही.

बाहेर आल्यावर मी तुला अडवलं.

"गाठीले लोखंड लावू नको, कमल. लोखंड लागलं का ती पेटते."

"आणि नाई लावलं तर विझते का?"

"शेजारच्या शांताले काय झालं? सुई टोचली अन् दोन महिन्यांत गेली."

"शांताची आधीच पेटली होती. आळ सुईवर आला."

"नाव कळून तुले काय करायचं? मारायचं तर दोन्ही मारतात."

"अक्का, केळीचं पान पिवळं पडलं तर तू काय करते? नुसती बांधावरून पाहते? खोड चिरून पाहते ना?"

"ती केळ आहे."

"अन् मी काय, सोन्याची मूर्ती आहे?"

तू सुई घेतलीस. मी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून होते आणि तुझ्याशी बोलणार नाही असं ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंतच टिकलं, कारण तुला चहा गोड लागत नव्हता आणि तू माझ्यावर खेकसलीस. सुईच्या बाबतीत मी अजून तुझ्या बाजूची झालेली नाही, हे सांगून ठेवते. डॉक्टरांनी सांगितलं की सुईनं गाठ पसरणं क्वचितच होतं. क्वचित म्हणजे होतं. पण त्या सुईनं जे हाती लागलं ते मी नाकारत नाही.

तुकड्याचा निकाल आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हरच्या स्वतःच्या पेशींचा कॅन्सर आहे, आणि बी कावीळ त्याच्या मुळाशी आहे. विलास रडायला लागला. तू विचारलंस, "हे कोणी पाहिलं?"

"लॅबमधल्या डॉक्टरांनी. पॅथॉलॉजिस्ट."

"मले त्यायले भेटायचं आहे."

डॉक्टर म्हणाले, तसं कोणी भेटत नाही. तू म्हणालीस, तुकडा माझा आहे.

त्या लॅबचा जिना मला आठवतो. अंधारा, खाली झेरॉक्सचं दुकान. वर एक पन्नाशीच्या डॉक्टरीणबाई होत्या, चष्मा कपाळावर, टेबलावर डबा उघडा. त्यांनी आपल्याला पाहून आधी डबा बंद केला. म्हणाल्या, "माझ्याकडे पेशंट येत नाहीत हो. त्यांचे तुकडेच येतात." तू म्हणालीस, "आज बाकीची बाईही आली." त्या हसल्या आणि आपल्याला खुर्च्या दिल्या. त्या बाईंचे मी उपकार मानते. त्यांनी घाई केली नाही आणि लहान मुलांशी बोलतात तसं बोलल्या नाहीत.

त्यांनी मशीनखाली काच ठेवली आणि शेजारच्या पडद्यावर चित्र आलं. गुलाबी आणि जांभळं. तू इतकी पुढं वाकलीस की त्यांना तुझा पदर बाजूला करावा लागला.

"हे माझं?"

"तुमचंच. ही कडेची बाजू, जिथं गाठ नाही. इथं पेशी कशा ओळीत आहेत बघा, एकेरी, फार तर दुहेरी. मध्ये रक्त जायला वाट. आता गाठीत येऊ." त्यांनी काच जराशी सरकवली. ओळी जाऊन जाड जाड दोर आले, एकमेकांत अडकलेले, प्रत्येक पेशीतला जांभळा ठिपका मोठा आणि वेडावाकडा. कुठं कुठं हिरवट पिवळा थेंब. "हे पित्त. गाठीच्या पेशीही पित्त करताहेत. म्हणजे या लिव्हरच्याच पेशी आहेत, बिघडल्या तरी जुनं काम विसरल्या नाहीत."

"बाईसारख्या," तू म्हणालीस.

मग त्यांनी दुसरी काच लावली, कोणाची ते सांगितलं नाही. तिथं दोर नव्हते. बारीक पोकळ कडी होती, जणू कोणी पांढऱ्या घट्ट चिखलात पोकळ वेलीचे आडवे काप टोचून ठेवलेत. "हा पित्ताच्या नळ्यांचा प्रकार. भोवती चिवट जाळं असतं, हाताला दगडासारखं लागतं." आणि काही गाठींत एका बाजूला दोर आणि दुसऱ्या बाजूला कडी, असंही दिसतं म्हणाल्या. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही तेव्हा त्या तुकड्यांना वेगवेगळी औषधं लावतात. एकानं लिव्हरच्या पेशी तपकिरी होतात, दुसऱ्यानं नळीच्या. तुझ्या तुकड्यात पहिल्यानं रंग धरला, दुसऱ्यानं धरला नाही.

मी विचारलं, "नळीच्या प्रकाराले गोळी निघाली आहे म्हणतात. मग हिचा तो का नाही?"

"काहींनाच लागू पडते. पेशीच्या आतल्या लिखाणात एक विशिष्ट चूक सापडली तर. आणि यांचा तो प्रकारच नाही."

मला राग आला होता, कमल. रोग निवडायचाच तर गोळीवाला का निवडला नाही, असा राग. कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून त्या बाईंवर काढला. त्यांनी ऐकून घेतलं.

मग तू विचारलंस ते मला आजही सुचलं नसतं. तू विचारलंस, "अन् गाठीच्या भायेरचं लिव्हर कसं आहे? ते तर चांगलं आहे ना?"

डॉक्टरीणबाईंनी परत तुझी काच लावली आणि कडेला गेल्या. "हे बघा. ही पेशी आणि ही. शेजारच्या पेशींत दाणेदार दिसतं. यांच्यात आतला भाग कसा एकसारखा, धुरकट आहे. मोरीच्या खिडकीला घासलेली काच असते ना, तशी. आत बी कावीळ भरून राहिली की पेशी अशी दिसते. आणि बघा, किती आहेत. आणि हे पांढरे पट्टे, हे जुन्या जखमांचे वण. ही काल परवाची गोष्ट नाही. कदाचित जन्मापासूनची."

"पण ती उतरली होती," मी म्हटलं.

"डोळ्यांतून उतरली असेल. इथून कधीच गेली नव्हती."

तू पडद्याच्या आणखी जवळ सरकलीस. मला वाटलं, आता कोसळणार. तू विचारलंस, "मग गाठ कशी झाली?"

त्यांनी समजावलं. प्रत्येक पेशीच्या आत तिनं कसं वागायचं याचं लिखाण असतं. ही कावीळ आपलं लिखाण त्यात मध्येच घुसवते. कधी अशा जागेजवळ घुसवते, जिथं पेशीनं किती वेळा वाढायचं आणि कधी थांबायचं ते ठरतं. मग त्या पेशीला थांबणं येत नाही. बाकीच्या पेशी म्हाताऱ्या होऊन जातात, ती जात नाही. माझ्या डोक्यात गोधडी आली. मधल्या थरात कोणी परकं ठिगळ शिवून टाकलं तर वरून कळतही नाही, पण टाके तिथूनच उसवत जातात.

तू म्हणालीस, "म्हणजे मी मरणार अन् ती मरणार नाई."

"तुम्ही गेलात की तीही जाणारच."

"मग मूर्खच आहे ती."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. आणि तू एकदम वेगळ्याच आवाजात विचारलंस, "जन्मापासून म्हणता. माझी माय पोट फुगून गेली. जलोदर म्हणाले होते. तिच्यापासून मले. अन् माझ्यापासून?"

बाई काही बोलायच्या आत तूच माझ्याकडे वळलीस. "अक्का, कंदातून आलं."

मला समजलं. आपण टिश्यू लावायच्या आधी शेजारच्याच बागेतले कंद आणून लावायचो. आईझाड हिरवंगार दिसायचं, आणि त्याच्या कंदातून निघालेल्या पिल्लाच्या पानावर पट्टे यायचे. मग कळायचं की व्हायरस आईतच होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळंतपणात आईचं रक्त बाळाला लागतं तेव्हा हे जातं. दूषित सुयांनी, गोंदणानं, नवरा-बायकोतही जातं. एका ताटात जेवून जात नाही. आणि बाळ जन्मल्याबरोबर पहिल्या काही तासांतच दोन इंजेक्शनं दिली तर बहुतेक वेळा अडवता येतं.

सुनंदाला तेव्हा चौथा महिना चालू होता.

सात वर्षांनी राहिलं होतं तिला. शिंदखेड्याला तिच्या सासरी पाचवा लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, दवाखान्यात जायचं नाही, अशी रीत. रक्त तपासलंच नव्हतं. जिना उतरताना तू म्हणालीस, उद्याच शिंदखेड्याला जायचं. मी म्हटलं, जायचं, पण पोरीला एकटीला गाठून सांगायचं. तिला माहेरी बोलवायचं, इथं रक्त तपासायचं, बाळंतपण इथं करायचं, इंजेक्शनं द्यायची. सासरी तोंड उघडायचं नाही.

"अन् जावयाचं रक्त?"

"त्याले नंतर पाहू."

"नंतर म्हणजे कधी? त्याले झाल्यावर?"

"कमल, सात वर्षं त्या पोरीनं ऐकून घेतलं. आता दिवस गेले तर तू तिच्या सासूले सांगणार का तुझ्या सुनेच्या रक्तात रोग आहे? अन् तो तिच्या मायकडून आला? ती आजच्या आज पोरीले घराभायेर काढेल."

"काढू दे. माझं घर आहे."

"तू किती दिवस आहेस?"

हे मी बोलले. जे खरं होतं ते बोलले, आणि तुलाही ते खरं माहीत होतं. तू म्हणालीस, "तू आहेस ना."

भुसावळहून सुरतेच्या गाडीनं गेलो. तुला बसवत नव्हतं, माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीस, आणि सगळी वाट माझ्याशी वाद घातलास. पार अमळनेर गेलं तरी मी म्हणत होते, पोरीला एकटीलाच. तू शेवटी डोळे मिटून घेतलेस, म्हणजे माझं ऐकायचं नाही.

विहीणबाईंनी चांगलं स्वागत केलं. "या, बसा. बठ्ठं बरं शे ना?" पाणी आलं. जावई शेतात होते. सुनंदा तुझ्याकडे पाहून घाबरली, तू इतकी वाळली होतीस. तू पाण्याचा तांब्या बाजूला ठेवलास आणि सगळं सांगितलंस. गाठ, तुकडा, धुरकट पेशी, बी कावीळ, माय, पोर. जराही वळण न घेता. मी कपाळावर हात मारून घ्यायची बाकी होते.

विहीणबाईंनी सुनंदाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पण ती कावीळ तं उतरी गयी व्हती ना? सुनंदानीच सांगेल शे माले. माळ पायमा पडी गयी व्हती."

तू म्हणालीस, "माळ पडली. माळेच्या काड्या सुकतात, दोरा सुटतो, म्हणून ती वाढते. धडधाकट माणसाच्या गळ्यातही वाढते. कावीळ इथं होती." आणि तू लुगड्यावरून उजव्या कुशीवर हात ठेवलास.

"आमना घरमा असं काही नही शे," विहीणबाई म्हणाल्या. मग उठून आत गेल्या, आणि सुनंदाची पिशवी आणून दारात ठेवली. "पोरले लई जा."

झालं ते मी म्हटलं होतं तसंच झालं. परतीच्या गाडीत सुनंदा तुझ्याशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. मी मात्र बोलले. मी म्हटलं होतं, हे मी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी तूच म्हणालीस, "अक्का, आता पुरे, पोर उपाशी आहे." आणि पिशवीतून दशम्या काढल्यास.

सुनंदाच्या रक्तात निघालं. विलासचं साफ निघालं. डॉक्टर म्हणाले, एकाच आईच्या दोन लेकरांत असं होऊ शकतं. सुनंदाचं लिव्हर अजून चांगलं आहे, पण रक्तात कावीळ बरीच आहे, म्हणून पोटुशीलाही चालते अशी एक गोळी सुरू केली. माझंही रक्त घेतलं, साफ होतं, आणि तुझ्या हट्टापायी या वयात मला लशीची सुई टोचून घ्यावी लागली. तुझ्या माहेरी तू निरोप धाडलास. इंदू, तुझी धाकटी बहीण, तिच्यात निघालं. तिला काहीच होत नव्हतं. आता तीही गोळी घेते. परवा आली होती, तुझ्या फोटोपुढं उभी राहिली आणि तशीच गेली. मी म्हटलं बस तर बसली नाही.

घरात मात्र बातमी आपल्या पद्धतीनं शिरली. विलासच्या बायकोनं तुझं ताट, तुझा पेला वेगळा काढला. वाईट नाही ती, घाबरली होती. मला ते पाहवलं नाही असं मी म्हणणार नाही, मला त्याचा राग आला. मी तुझ्याच ताटात समोर बसून जेवले. तू म्हणालीस, "मोठी लाडात आली आज." मी म्हटलं, "भांडी कमी पडतात." आठ दिवसांनी ताटं परत एकत्र मांडली गेली.

शेवटचे महिने तुझ्या पोटात पाणी व्हायचं, ते काढायला जळगावला न्यावं लागायचं. औषधानं गाठी थोड्या दिवस थांबल्या, मग थांबल्या नाहीत. पण तुझं तोंड चालू होतं. भेटायला आलेल्या बायकांना तू तब्येत सांगत नव्हतीस. विचारत होतीस, "तुझ्या पोरीले कितवा महिना? रक्त तपासलं का?" एकीच्या सुनेनं तपासलं, एकीच्या नाही. काही जणी तुझ्याकडे यायच्याच बंद झाल्या. तू म्हणालीस, "बरं झालं, चहा वाचला." आणि सुनंदा. ती तुझ्याशी कधी बोलायला लागली ते मला आठवत नाही. एका दुपारी मी बागेतून आले तर ती तुझे पाय दाबत होती आणि तू तिला सांगत होतीस, बाळाला दुपट्यात कसं गुंडाळायचं. तुम्ही दोघी हसत होतात. मी बाहेरच थांबले.

तू सुनंदाच्या आठव्या महिन्यात गेलीस. जायच्या आदल्या दिवशी माझा हात धरून तू एवढंच म्हणालीस, "सुया." मी म्हटलं, "माहीत आहे." तू म्हणालीस, "दोन." मी म्हटलं, "माहीत आहे, आता झोप." आपलं शेवटचं बोलणं हे. मी तुला दुसरं काही बोलायला हवं होतं का ते मला ठाऊक नाही. शाबास म्हणायची आपल्याकडे पद्धत नव्हती.

पण आता म्हणते. भरीत सोडून बाकी गोष्टींबद्दल म्हणते. तू तुकडा काढू दिलास, तो कोणी पाहिला त्याच्या दारापर्यंत गेलीस, मरायला टेकलेली असताना विचारलंस की गाठीच्या बाहेर काय आहे. मला फक्त गाठ दिसत होती, कमल. तू गेलीस तर मी एकटी पडेन, एवढंच मला दिसत होतं.

गेल्या मंगळवारी सुनंदा जळगावला बाळंत झाली. मी आधीच त्या नर्सला दोनदा, तीनदा सांगून ठेवलं होतं. ती वैतागून म्हणाली, "आजी, दोन्ही इंजेक्शनं आणून ठेवलीत फ्रिजमध्ये, चला दाखवते." मी जाऊन पाहिली. बाळाला पुसून झालं, रडणं झालं, आणि एका मांडीत एक, दुसऱ्या मांडीत दुसरं. मी तिथं उभी होते. बाळ किंचाळलं, मला बरं वाटलं.

मी विलासला सांगून जावयांना फोन करायला लावला. मला वाटलं होतं, कोणी येणार नाही. संध्याकाळी जावई आले. त्यांचं रक्त साफ आहे, तेही लस घेताहेत. आणि त्यांच्या मागं विहीणबाई, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. दारातच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं. मी अजून रागावलेली होते आणि आहे.

त्यांनी विचारलं, "सुया दिध्यात का?"

मी म्हटलं, "दिल्या. दोन्ही."

"वखतवर?"

"माझ्या डोळ्यांदेखत. अर्ध्या तासात."

मग त्यांनी डबा खाली ठेवला, आणि तेव्हा कुठं विचारलं, "आंडोर शे का आंडेर?"

मुलगी आहे, कमल. डॉक्टर म्हणतात, सुया पूर्ण लागू पडल्या की नाही ते वर्षभरानं तिच्या रक्तावरून कळेल. मधल्या काळात लशीचे पुढचे डोस आहेत, त्यांची आठवण ठेवायची आहे, सुनंदाची गोळी चुकू द्यायची नाही, आणि विहीणबाई तिला न्यायला कधी येतात ते पाहायचं आहे. त्या म्हणाल्या, सव्वा महिन्यानं. मी म्हटलं, पाहू. आत्ता सुनंदा झोपली आहे आणि मुलगी माझ्या मांडीवर जागी आहे, लिहू देत नाही.